दुपारच्या कॉफीपर्यंत एकच रंग

मे महिन्यातल्या त्या शनिवारी, म्हणजे वॉलआय मासा धरायची सरकारी बंदी उठते त्या पहिल्या सकाळी, वेइक्को स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याच्या हातात एक पेटी होती आणि चेहऱ्यावर एवढी नम्रता होती, की राउहा हातातलं काम टाकून सावध झाली. तिचा धाकटा भाऊ नम्र दिसला, की कुणाचं तरी काहीतरी जाणार हे ठरलेलं असे. मागच्या खेपेला होडीची चांगली चालणारी मोटर गेली होती.

त्यानं पेटी टेबलावर ठेवली. पेटीला एक काटा होता, काट्यामागे रंगांच्या पट्ट्या होत्या आणि बाजूला लांबलचक तार गुंडाळलेली होती.

"रेडिओ का रे?" हिल्या आत्यानं विचारलं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि खडीसाखरेचा तुकडा दातांत धरून त्यातून कॉफी ओढत होती.

"रंगयंत्र आहे, आत्या. तार पाण्यात सोडायची. खाली उजेड किती पोचतोय ते हे मोजतं, आणि कुठल्या रंगाचा गळ माशाला नीट दिसेल, त्या पट्टीवर काटा थांबतो."

"माशाला विचारून बनवलंय?"

"शास्त्र आहे, आत्या."

"तसं सांग ना. मला वाटलं खरंच चालतं."

टेबलाच्या टोकाला राउहाचा बाप उर्हो पेल्कोनेन कॉफीत पाव बुडवत बसला होता. वय एक्क्याऐंशी. त्यानं पेटीकडे बघितलं, मग पावाकडे बघितलं आणि पाव निवडला.

या घरात रंग ही चेष्टेची गोष्ट नव्हती. उर्होचा बाप खाणीतली नोकरी सोडून लूनफूट तळ्याच्या काठी आला तेव्हा त्याला सहा पोरं होती आणि दोन होड्या. प्रत्येक पोर दर पाच मिनिटांनी गळ बदलायचं. लाल चालत नाही, हिरवा दे. हिरवा चालत नाही, त्याचा दे. या घाईगर्दीत एकदा त्यांतल्या नेस्टरच्या कानात भावाचा गळ अडकला आणि कानाचा तुकडा घेऊनच बाहेर आला. पुढे नेस्टर सैन्यात गेला तेव्हा ओळखीची खूण म्हणून तोच कान कागदावर चढला. कान तुटला त्याच दिवशी उर्होच्या बापानं फर्मान काढलं: सकाळी धक्क्यावर एकजण रंग सांगेल. सगळ्या होड्या तोच बांधतील. दुपारच्या कॉफीपर्यंत कुणी बदलायचा नाही. बदलला, तर पुढच्या वर्षी काठावर बसून बटाटे सोलायचे.

बापानंतर गेली बेचाळीस वर्षं रंग उर्हो सांगत होता. लाकडी खोल्यांत उतरणारे पाहुणेसुद्धा तोच रंग बांधत. खोलीच्या भाड्यात चादर, सौनातली वाफेची अंघोळ आणि उर्होचं मत एवढं यायचं.

पण गेल्या वर्षी भर उन्हात, नितळ पाण्यावर, उर्होनं जांभळा सांगितला होता.

जांभळा अंधाराचा रंग. काळोख्या पाण्यात मासा खालून वर बघतो तेव्हा त्याला गडद आकार तेवढा दिसतो, तेव्हा जांभळा. भर उन्हात जांभळा म्हणजे लग्नात घोंगडी पांघरून जाणं. तरी अकरा होड्यांनी जांभळा बांधला आणि दुपारपर्यंत अकरा होड्यांत मिळून एक वल्हं निघालं, तेही आपलंच. त्या दिवसाबद्दल पेल्कोनेन घराण्याचं अधिकृत मत असं, की चूक तळ्याची होती.

राउहाला मात्र सात वाजताच कळलं होतं. छप्पन्न वर्षांची राउहा याच पाण्यावर वाढली. नवरा गेल्यापासून सहाही खोल्या ती चालवी, मोटरी ती दुरुस्त करी, पाहुण्यांना माशांच्या जागा ती दाखवी. त्या सकाळी योग्य रंगाचा गळ तिच्या खिशात होता आणि पाच तास तो खिशातच राहिला. पाच तास ती हसतमुखानं सगळ्यांना कॉफी ओतत होती. मासे मिळाले नाहीत याचं तिला काही नव्हतं. मासे काय, उद्याही असतात. आपल्याला दिसत होतं आणि आपण बोललो नाही, हे वर्षभर तिला माशाच्या काट्यासारखं टोचत होतं. म्हणून ईस्टरला बापानं "यंदापासून रंग दुसरा कुणीतरी सांगेल" असं म्हटल्यावर तिनं आयुष्यात पहिल्यांदा घरातल्या कुणाकडे काही मागितलं. म्हणाली, "मी सांगेन."

तेवढ्यात डुलुथ शहरातून वेइक्कोचा फोन आला होता. तोही म्हणाला, "मी सांगेन." तो शहरात छपरं विकायचा. वर्षातून चार दिवस तळ्यावर यायचा आणि त्यातले दोन छपरांकडे बघण्यात घालवायचा. पण तो मुलगा होता, आणि ही गोष्ट त्याला स्वतःला पुरेशी वाटत होती.

"चला," उर्हो उठत म्हणाला. "उजेड काही पाव संपेपर्यंत थांबत नाही."

*

धक्क्यावर सगळे जमले. आभाळ खाली उतरलेलं, राखाडी. अंगावर शहारा आणणारा वारा पाण्यावर बारीक सुरकुत्या पाडत होता. धक्क्याशेजारी ओढा तळ्यात उतरे, आणि वितळलेल्या बर्फाचं, दलदलीतून आलेलं पाणी इथं कडक चहासारखं तांबूस झालं होतं.

उर्होनं पांढरा इनॅमलचा कप काढला. कपाच्या कानाला दोरी, दोरीला हाता-हातावर गाठी. कप पाण्यात सोडायचा. कितव्या गाठीला दिसेनासा होतो ते बघायचं, मग आभाळ बघायचं आणि मग रंग सांगायचा. एका पाहुण्यानं एकदा या कपातून कॉफी प्यायली होती. माणूस चांगला होता, पण त्याला परत खोली मिळाली नाही.

उर्होनं कप राउहाच्या हातात दिला.

"यंदा मी सांगत नाही. तुम्ही दोघं सांगा. दोन होड्या, दोन रंग. दुपारच्या कॉफीपर्यंत ज्याच्या रंगावर जास्त मासे, पुढे रंग त्याचा. नियम तोच. मध्येच रंग बदलला तो बाद. हिल्या मोजेल."

"मीच का?" हिल्या आत्या म्हणाली.

"तुला कुणीच आवडत नाही म्हणून."

"हे बरोबर आहे," आत्यानं मान्य केलं. तिनं एप्रनच्या खिशातून कॉफीचे दोन रिकामे डबे आणि खडीसाखरेची पुडी काढली. राउहाचा मासा आला की डाव्या डब्यात एक खडा, वेइक्कोचा आला की उजव्या.

राउहानं कप सोडला. पहिली गाठ गेली, दुसरी गेली. तिसरी पाण्याला टेकायच्या आत कप चहात विरघळल्यासारखा नाहीसा झाला. तिनं आभाळाकडे फारसं बघितलंही नाही.

"सोनेरी," ती म्हणाली.

वेइक्कोनं तार सोडली. काटा थरथरला, लालकडे गेला, परत आला, विचार करत असल्यासारखा घुटमळला आणि थांबला.

"लिंबूपोपटी!" वेइक्को ओरडला. तो काट्याइतकाच थरथरत होता.

"दोन्ही वाईट नाहीत," उर्हो पुटपुटला. "गढूळ पाणी, मेलेला उजेड. दोन्ही दिसतील."

मग बसायची वेळ आली आणि राजकारण सुरू झालं. वेइक्कोच्या होडीत गादीची जागा एकच होती, आणि ती यंत्राला मिळाली.

"आणि मी?" त्याची बायको मार्लिस म्हणाली.

"तू पुढे बस ना. यंत्राला धक्का सोसत नाही."

"मला सोसतो?"

"तुला सवय आहे गं."

मार्लिसनं आपला थर्मास उचलला, धक्का ओलांडला आणि सरळ नणंदेच्या होडीत येऊन बसली. "ताई, मी आजपासून सोनेरी," ती म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात तिनं एवढी मोठी राजकीय भूमिका कधी घेतली नव्हती.

त्यामुळे राउहाची मुलगी साइमा तिकडे गेली. सगळे गळ तिनंच रंगवलेले. वाटाण्याएवढं शिशाचं डोकं, मागे आकडा, आणि डोक्यावर चोवीस वर्षांच्या पोरीचा सगळा हट्ट. ती ते सौनात टांगून वाळवायची. त्यामुळे हिवाळाभर घरातल्या कुणीही सौनात निर्धास्त पाठ टेकली नव्हती.

"फितूर," राउहा लेकीला म्हणाली.

"आई, मामाला गाठ मारता येत नाही. माझा गळ तळाशी गेला तर?"

"मारता येते!" वेइक्को म्हणाला.

"मामा, मागच्या वर्षी तुम्ही बुटाच्या नाडीची गाठ मारली होती."

पाहुण्यांच्या होड्या निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे झाल्या. चार नंबरच्या खोलीतल्या दातांच्या डॉक्टरानं दोन काठ्या काढून दोन्ही रंग बांधले. माणशी एकच काठी, म्हणून हे कायद्यानं चूक होतं आणि नजरेनं त्याहून चूक. सगळ्यांनी त्याच्याकडे एवढं बघितलं, की त्यानं एक काठी परत खोलीत नेऊन ठेवली.

*

आठ वाजेपर्यंत सामना बरोबरीत होता. ओढ्याच्या तोंडाशी सोनेरीवर चार आले, लिंबूपोपटीवर चार. निदान राउहाच्या हिशेबानं तसं होतं. मधोमध नांगर टाकून बसलेल्या जुन्या लाकडी होडीत उर्होबरोबर असलेल्या हिल्या आत्याच्या डब्यांत मात्र चार आणि तीन खडे होते.

"वेइक्कोचा एक कुठं गेला?" उर्होचा आवाज पाण्यावरून आला.

"कॉफीबरोबर गेला," आत्या म्हणाली. "टाकते परत. ओरडतोस काय?"

मग ढग फाटले. आधी पूर्वेला एक भोक पडलं, मग कुणी दोन्ही हातांनी ओढल्यासारखं आभाळ उघडलं. वारा दमून बसला आणि तळं आरशासारखं सपाट झालं.

वॉलआयचे डोळे काचेसारखे असतात. अंधुकात त्याला सगळ्यांपेक्षा जास्त दिसतं आणि ऊन त्याला सोसत नाही. ऊन आलं की तो काठ सोडून खोलात उतरतो. होड्याही त्याच्यामागून बेटाजवळच्या खोल पाण्याकडे सरकल्या. इथं ओढ्याचं तांबूस पाणी पोचत नव्हतं. राउहानं वल्हं उभं पाण्यात धरलं. पातं टोकापर्यंत दिसलं, पात्यावरची चीरसुद्धा दिसली.

एवढ्या उजेडात, एवढ्या नितळ पाण्यात सोनेरी गळ म्हणजे भर दुपारी पेटवलेला कंदील. माशाला तो दिसतो, फारच दिसतो, आणि मासा म्हणतो, नको.

अर्धा तास गेला, मग एक तास. एकही काठी वाकली नाही. अकरा होड्या उन्हात मुकाट्यानं चुकीचा रंग धरून बसल्या होत्या. नियम पाळण्यात हे घराणं पटाईत. एक पाहुणा झोपला आणि त्याच्या काठीवर चतुर येऊन बसला.

"ताई," मार्लिस हळूच म्हणाली, "आमच्या यांच्याकडे बघा."

वेइक्कोनं डोक्यावरची टोपी काढून यंत्रावर घातली होती. टक्कल उन्हात लाल होत होतं.

"काटा हलला असणार," मार्लिस म्हणाली. "म्हणून झाकलाय. लग्नातसुद्धा पावसाचा अंदाज आल्यावर यांनी खिडकीला पडदा लावला होता." ती नणंदेकडे वळली. "कुठला रंग हवाय आता?"

"पांढरा," राउहा म्हणाली. "निळ्या पाठीचा. या पाण्यात बारकी मासळी असते ना, खालून बघितलं की पोट पांढरं दिसतं. तसा."

"मग बेटामागे चला. तिकडे कुणाला दिसत नाही. बदलून टाका. मी डोळे मिटते. माझं माहेर नॉर्वेवाल्यांचं, न बघण्यात आमचा हात कुणी धरणार नाही."

राउहानं बेटाकडे बघितलं. दोन मिनिटांचं वल्हवणं. दुपारपर्यंत सहज पाच-सहा मासे, डाव्या डब्यात पाच-सहा खडे, आणि पुढच्या वर्षीपासून धक्क्यावर कप तिच्या हातात. जे मागितलं होतं ते एवढं जवळ होतं.

"आणि मग?" ती म्हणाली.

"मग काय? जिंकलात."

"पुढच्या वर्षी धक्क्यावर उभी राहून मी रंग सांगणार, आणि मला माहीत असणार की मी तो सगळ्यांना सांगून नाही, बेटामागे लपून मिळवलाय. आणि हे बाकीचे?" तिनं हात फिरवला. बाप, आत्या, लेक, लाल टकलाचा भाऊ, चतुरवाला पाहुणा. "यांनी दुपारपर्यंत असंच बसायचं? मला दिसतंय, आणि मी परत गप्प बसायचं?"

 मार्लिसनं थर्मासचं झाकण घट्ट केलं. पुढे काहीतरी सांडणार हे तिला कळलं असावं.

राउहा होडीत उभी राहिली. लूनफूट तळ्यावर होडीत कुणी उभं राहत नाही. होडी कलली, मार्लिसनं दोन्ही काठ पकडले. राउहानं छातीत हवा भरली. सपाट पाण्यावर आवाज किती लांब जातो हे तिला ठाऊक होतं. लहानपणी याच पाण्यावरून तिला घरी बोलावलं जायचं.

"पांढरा!" ती ओरडली. "सगळ्यांनी पांढरा बांधा! निळ्या पाठीचा!"

चतुर उडाला. पाहुणा जागा झाला. सगळ्या होड्यांतल्या माना तिच्याकडे वळल्या.

सत्तर वर्षांत हे झालं नव्हतं. दुपारच्या कॉफीआधी, दोन तास आधी, पेल्कोनेनांपैकी कुणीतरी दुसरा रंग उच्चारला होता, आणि तोही तळ्याच्या मधोमध, उभं राहून.

हिल्या आत्या पहिली बोलली. "राउहा बाद," तिनं जाहीर केलं आणि डाव्या डब्यातले चारही खडे खिशात घातले. "नियम म्हणजे नियम. पुढच्या वर्षी बटाटे." मग तिनं आपली काठी उचलली. "उर्हो, तो पांढरा दे इकडे. निळ्या पाठीचा. तुझ्या मांडीखाली डबा आहे."

राउहा उभीच होती. बसवतच नव्हतं. पाहुण्यांच्या एका होडीत डबा उघडल्याचा आवाज आला. मग दुसरीत. दातांचा डॉक्टर गाठ मारत होता आणि या वेळी एकाच काठीला. नियमानं तिला कुणी विचारायचं कारणच नव्हतं. दोन मिनिटांपूर्वीच ती बाद झाली होती. तरी एकामागून एक होड्यांत माना खाली गेल्या आणि बोटं हलू लागली.

वेइक्को तेवढा तसाच बसला होता. यंत्रावर टोपी, टोपीवर हात. तो आता जिंकला होता. त्यानं फक्त काही न करता दुपारपर्यंत बसायचं होतं, आणि हे काम त्याला जमण्यासारखं होतं.

त्यानं बहिणीकडे बघितलं. मग टोपी उचलून काट्याकडे बघितलं. मग परत बहिणीकडे.

"ताई!" तो ओरडला. "खोल किती?"

राउहानं तोंडाभोवती दोन्ही हात धरले. आयुष्यभर या माणसानं तिला मोटर कुठंय, किल्ली कुठंय, टॉवेल कुठंय एवढंच विचारलं होतं.

"अठरा फूट!" ती म्हणाली. "तळाला टेकव आणि बोटभर वर घे! सावकाश! छप्पर विकायचंय तुला असं हिसकू नकोस!"

"हिसकत नाही मी!"

"हिसकतात," साइमाचा आवाज आला. तोवर तिनं मामाची गाठ मारून दिली होती आणि चाचपून बघितली होती.

पाण्यात गळ पडू लागले. टप, टप, लांब कुठेतरी टप. मार्लिसनं स्वतःचा बांधला, मग नणंदेचाही बांधून तिच्या हातात काठी दिली. "बसा आता, ताई. बुडवाल मला. मी आत्ताच पक्ष बदललाय."

राउहा बसली, पण पाठ सरळ ठेवूनच. तळ्यावर नजर फिरवली. जिकडे बघावं तिकडे दोरीच्या टोकाशी तिचं मत खाली उतरत होतं, अठरा फुटांवर, बोटभर वर, सावकाश.

पहिली काठी वाकली ती वेइक्कोची. तो इतका दचकला, की यंत्र गादीवरून घरंगळलं, पण त्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. साइमानं जाळं घातलं. मासा वर आला, सोनसळी अंगाचा, हातभर लांब, काचेच्या डोळ्यांनी उन्हाकडे रागानं बघत.

"दोन किलोचा आहे!" वेइक्को किंचाळला. "ताई, बघितलास? ताई!"

"बघतेय!"

जुन्या होडीत हिल्या आत्यानं खडा काढला आणि तो दोन डब्यांच्या वर धरून ठेवला. खडा खाली जाईना.

"उर्हो," ती म्हणाली, "हा कुणाच्या डब्यात टाकू? होडी वेइक्कोची, काठी वेइक्कोची, आणि राउहा तर बाद झालीय."

 उर्हो आपली दोरी बोटावर धरून तळ चाचपत होता. लांबून राउहाला त्याची पाठ तेवढी दिसत होती, आणि काठीच्या टोकाला उतरत जाणारी, उन्हात चमकणारी ओली दोरी. 

"रंग कुणी सांगितला?" म्हातारा म्हणाला.

"राउहानं."

"मग विचारतेस काय?"

डाव्या डब्यात खडा पडल्याचा आवाज सपाट पाण्यावरून सगळ्या अकरा होड्यांना ऐकू गेला. मग उर्होची स्वतःची काठी वाकली.